वेबसाइटचे आकडे जुळत नाहीत? आधी पत्ते नीट लावा

ॲनालिटिक्स बसवलं, महिना झाला, अहवाल उघडला आणि डोकं चक्रावलं, असं सांगणाऱ्या वाचकांचे प्रश्न ठरावीक असतात. एकच पान यादीत चार ओळींत का दिसतं? ग्राहक इन्स्टाग्रामवरून आला, मग विक्रीचं श्रेय पेमेंट गेटवेच्या नावावर कसं? व्हॉट्सॲपवर एवढ्या जणांना लिंक पाठवली, तरी अहवालात व्हॉट्सॲपचं नाव का नाही? आणि रोज जी माणसं साइटवर दिसतात, त्यांत आपल्याच ऑफिसातली किती?

चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे. कोणते पत्ते मिळून ‘तुमची साइट’ होते, कोणते मिळून ‘एक पान’ होतं आणि कोणते मोजायचेच नाहीत, हे ॲनालिटिक्सला पुरतं कळत नाही. ते तुम्ही सांगायचं असतं, आणि लवकर सांगायचं असतं. यातली जवळजवळ प्रत्येक सेटिंग बदलली त्या क्षणापासून पुढेच लागू होते. मागचे बिघडलेले आकडे नंतर सुधारता येत नाहीत.

हा लेख मुख्यतः गुगल ॲनालिटिक्स ४ वापरणाऱ्यांसाठी आहे. जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेत नाही, त्यामुळे त्या काळातले व्हिडिओ आणि मार्गदर्शिका बाजूला ठेवा. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतील. इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

सोयीसाठी एक काल्पनिक व्यवसाय धरू. देवगडचे एक बागायतदार हापूस विकतात. मुख्य साइट ‘तुमचीबाग.इन’, दुकान ‘दुकान.तुमचीबाग.इन’ या सबडोमेनवर, आणि बागेत राहायला येणाऱ्यांचं बुकिंग ‘तुमचीबाग-मुक्काम.कॉम’ या वेगळ्या डोमेनवर. पैसे पेमेंट गेटवेवरून येतात.

पहिली पायरी: कागदावर यादी

सेटिंगला हात लावण्याआधी तीन याद्या करा.

- आपले पत्ते: ज्या डोमेन-सबडोमेनवर तुम्ही स्वतः ॲनालिटिक्सचा टॅग बसवू शकता ते सगळे.
- वाटेतले पत्ते: ग्राहक मध्येच जिथे जाऊन परत येतो ते. पेमेंट गेटवे, बँकेचं ओटीपीचं पान, लॉगिनची बाहेरची सेवा.
- नको असलेले पत्ते: डेव्हलपरची चाचणी साइट, साइटचं ॲडमिन पॅनल, ऑफिसचं इंटरनेट.

पुढची बहुतेक कामं या तीन याद्यांवरच चालतात. तुमच्या साइटवरून ग्राहक कुठे कुठे जातो हे माहीत नसेल, तर स्वतः एक ऑर्डर टाकून बघा आणि ब्राउझरच्या पट्टीत बदलत जाणारे पत्ते टिपून घ्या.

एकच प्रॉपर्टी की वेगवेगळ्या?

- ग्राहक एका साइटवरून दुसरीकडे जाऊन खरेदी किंवा बुकिंग करत असेल, तर एकच प्रॉपर्टी, एकच वेब डेटा स्ट्रीम ठेवा. सगळीकडे ‘जी’ अक्षराने सुरू होणारा तोच मेजरमेंट आयडी लावा.
- व्यवसाय, मालक किंवा हिशेब वेगळे असतील आणि ग्राहकांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर वेगळ्या प्रॉपर्टी करा.

नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक सबडोमेनसाठी वेगळा स्ट्रीम उघडणं. त्याची गरज नाही. ॲनालिटिक्सची कुकी आपोआप मुख्य डोमेनवर बसते, म्हणून ‘तुमचीबाग.इन’वरून ‘दुकान.तुमचीबाग.इन’वर गेलेला माणूस तोच ओळखला जातो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आलेला आणि न लावता आलेला ग्राहकही याच कारणाने दोनदा मोजला जात नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. पानांच्या नेहमीच्या अहवालात डोमेन दिसत नाही, फक्त त्यापुढचा मार्ग दिसतो. त्यामुळे मुख्य साइटचं पहिलं पान आणि दुकानाचं पहिलं पान एकाच ओळीत मिसळतात. अहवालात ‘होस्टनेम’ हा दुसरा रकाना जोडा, म्हणजे दोन्ही वेगळी दिसतील.

डोमेन वेगळं असेल तर: क्रॉस-डोमेन

एका डोमेनची कुकी दुसऱ्या डोमेनला वाचता येत नाही. म्हणून ‘तुमचीबाग.इन’वरून ‘तुमचीबाग-मुक्काम.कॉम’वर गेलेला माणूस नवा म्हणून मोजला जातो आणि बुकिंगचा स्रोत म्हणून तुमचीच पहिली साइट दिसते. उपाय असा:

1. दोन्ही साइटवर एकच मेजरमेंट आयडी आहे याची खात्री करा.
2. ‘ॲडमिन’मध्ये ‘डेटा स्ट्रीम्स’ उघडा आणि तुमचा वेब स्ट्रीम निवडा.
3. ‘कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज’, मग ‘कॉन्फिगर युअर डोमेन्स’वर जा.
4. दोन्ही मुख्य डोमेन यादीत घाला. जुळणीसाठी ‘कंटेन्स’ निवडलं तर सबडोमेनही त्यातच येतात.
5. जतन करा आणि लगेच तपासा.

तपासणी सोपी आहे. पहिल्या साइटवरच्या दुव्यावर क्लिक करून दुसरीकडे जा. पत्त्याच्या शेवटी ‘_जीएल’ नावाचा पॅरामीटर आणि त्यापुढे लांबलचक अक्षरं दिसली, तर जोडणी चालू आहे. ही खूण दोन मिनिटांपुरतीच ग्राह्य असते, त्यामुळे असा दुवा कॉपी करून इतरांना पाठवू नका.

इथे अडतं ते:

- दुसऱ्या साइटवरचं रीडायरेक्ट पत्त्याच्या शेवटचे पॅरामीटर गाळून टाकतं, तेव्हा ‘_जीएल’ही जातो. डेव्हलपरला ते शाबूत ठेवायला सांगा.
- खूण आपोआप लागते ती साध्या दुव्यांना आणि फॉर्मना. बटण दाबल्यावर जावास्क्रिप्टने पान बदलत असेल किंवा बुकिंग आयफ्रेममध्ये उघडत असेल, तर वेगळं काम करावं लागतं.
- जिथे तुमचा टॅग नाही, ते डोमेन या यादीत घालून काहीच साधत नाही. पेमेंट गेटवेची जागा पुढच्या यादीत आहे.

पेमेंट गेटवेला श्रेय मिळू नये म्हणून

ग्राहक इन्स्टाग्रामवरून येतो, पेटी निवडतो, पैसे भरायला गेटवेवर जातो आणि परत येतो. परतताना ब्राउझर सांगतो की हा माणूस गेटवेवरून आला. गुगल ॲनालिटिक्स ४ मध्ये यामुळे चालू सेशन तुटत नाही, पण विक्रीच्या श्रेयाच्या अहवालात गेटवे घुसतो. जाहिरातीचा पैसा कुठे लावायचा हे त्या अहवालावरून ठरत असेल, तर निर्णयच चुकतो.

1. ‘कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज’मध्ये ‘शो ऑल’ दाबा.
2. ‘लिस्ट अनवाँटेड रेफरल्स’ उघडा.
3. दुसऱ्या यादीतली, म्हणजे वाटेतल्या पत्त्यांची डोमेन इथे घाला. एका स्ट्रीमला ५० पर्यंत घालता येतात.

बँकांची पानं अनेक असतात, सगळी आधीच सुचणार नाहीत. दर महिन्याला ‘रेफरल’च्या यादीवर नजर टाका आणि बँक किंवा गेटवे दिसला की भर घाला. पण ज्या वृत्तपत्राने किंवा ब्लॉगने तुमच्याबद्दल लिहून खरोखर ग्राहक पाठवले, त्याचं डोमेन यात टाकू नका. तो स्रोत अहवालातून नाहीसा होईल.

एक पान, एक ओळ

माणसाला एकच वाटणारं पान ॲनालिटिक्सला वेगळं वाटण्याची कारणं अशी:

- लहान-मोठी इंग्रजी अक्षरं: मार्गात एक अक्षर मोठं असलं तरी पान वेगळं.
- शेवटची तिरकी रेघ: एकदा असली, एकदा नसली, तर दोन ओळी.
- मागे लागलेलं शेपूट: फेसबुकवरच्या दुव्यांना ‘एफबीसीएलआयडी’ हा पॅरामीटर जोडला जातो आणि प्रत्येक क्लिकला त्याची किंमत वेगळी असते. पूर्ण पत्त्याच्या अहवालात एकाच पानाच्या शेकडो ओळी होतात.

पहिल्या दोन गोष्टींवर खरा उपाय सर्व्हरवर आहे. कोणतं रूप अधिकृत ते ठरवा आणि बाकीची कायमच्या, म्हणजे ३०१ रीडायरेक्टने तिकडे वळवा. सर्च इंजिनसाठी पानात ‘कॅनॉनिकल’ पत्ता दिलेला असला, तरी गुगल ॲनालिटिक्स तो मोजणीसाठी वापरत नाही. मोजला जातो तो ब्राउझरमध्ये उघडलेला पत्ता.

शेपटासाठी दोन मार्ग आहेत. रोजच्या कामाला ‘पेज पाथ’चा रकाना वापरा, त्यात प्रश्नचिन्हानंतरचा भाग येतच नाही. आणि स्ट्रीमच्या सेटिंगमध्ये ‘रिडॅक्ट डेटा’ उघडून नको असलेल्या पॅरामीटरची नावं द्या. ३० पर्यंत नावं चालतात. पॅरामीटरचं नाव राहतं, पण किंमत पुसली जाते, म्हणून ओळी एकवटतात. दुव्याचा स्रोत सांगणारे यूटीएमचे पॅरामीटर, गुगल जाहिरातींचा ‘जीसीएलआयडी’ आणि साइटवरच्या शोधाचा पॅरामीटर या यादीत टाकू नका.

या सगळ्याची फिकीर का करायची? एका रकान्यात एका दिवसात ५०० हून जास्त वेगवेगळ्या किंमती आल्या, तर गुगल तो रकाना अतिविविध समजतं आणि अहवालातल्या कमी आकड्यांच्या ओळी ‘अदर’ नावाच्या एका ओळीत कोंबल्या जाण्याची शक्यता वाढते. तुम्हाला हवी ती ओळ नेमकी त्यातच असू शकते.

साइटवर शोधाची चौकट असेल, तर ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’मध्ये साइट सर्च चालू ठेवा. क्यू, एस, सर्च, क्वेरी आणि कीवर्ड हे पॅरामीटर आधीच धरलेले असतात. तुमच्या साइटचा वेगळा असेल, तर तो तिथे लिहा. लोक ‘पायरी’ शोधतात आणि तुमच्याकडे फक्त ‘हापूस’चं पान आहे, हे इथेच कळतं.

पत्ता देवनागरीत असेल तर

मराठी मजकुराच्या साइटवर हा वेगळा घोळ असतो. ब्राउझरच्या पट्टीत ‘हापूस’ दिसलं, तरी मागे त्याचं सांकेतिक रूप जातं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग तो काना असो की उकार, ९ अक्षरं खातं. ‘हापूस’ची ५ चिन्हं ४५ अक्षरांची होतात.

- वर्डप्रेसमध्ये पानाच्या नावाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत ती साधारण २२ चिन्हांवर संपते आणि लांब मथळ्याचं नाव मध्येच तुटतं. सारख्या सुरुवातीच्या मथळ्यांची पानं मग पत्त्यावरून ओळखू येत नाहीत.
- गुगल ॲनालिटिक्स पानाच्या पूर्ण पत्त्याची पहिली १,००० अक्षरंच घेतं. लांब देवनागरी पत्ता आणि त्यामागे यूटीएम असेल, तर ही मर्यादा जवळ येते.

म्हणून पत्त्यात दोन-तीनच शब्द ठेवा, मग ते मराठी असोत की रोमन. आधी प्रसिद्ध झालेल्या पानांचे पत्ते मात्र रीडायरेक्ट न लावता बदलू नका. अहवाल वाचताना ‘पेज टायटल’चा रकाना लावा, मथळे मराठीत वाचता येतील.

‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मराठी-कोंकणीतही घेता येतं. तुमच्याकडे ‘.इन’ आणि ‘.भारत’ दोन्ही असतील आणि दोन्हींवर तीच साइट असेल, तर एक अधिकृत ठरवून दुसरं त्याकडे वळवा. ‘.भारत’ हेच मुख्य ठेवलंत, तर ब्राउझर ॲनालिटिक्सला त्याचं ‘एक्सएन’ने सुरू होणारं रोमन रूप कळवतो. डोमेनच्या यादीत तेच लिहा.

व्हॉट्सॲप आणि क्यूआर कोड: यूटीएम लावल्याशिवाय कळत नाही

व्हॉट्सॲपसारख्या ॲपमधून उघडलेल्या दुव्याबरोबर तो कुठून आला ही माहिती सहसा येत नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावरही तेच. असे सगळे ग्राहक ‘डायरेक्ट’मध्ये जमा होतात. त्यांना वेगळं काढायचं, तर दुव्याला यूटीएम लावावं लागतं. किमान तीन भरा: सोर्स म्हणजे कुठून, मीडियम म्हणजे कोणत्या प्रकारे, कॅम्पेन म्हणजे कोणत्या मोहिमेतून.

- सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत लिहा. मोठ्या अक्षराने सुरू होणारं ‘व्हॉट्सॲप’ आणि लहान अक्षराने सुरू होणारं ‘व्हॉट्सॲप’ हे दोन स्रोत मोजले जातात.
- मीडियमला मनाची नावं देऊ नका. व्हॉट्सॲपला ‘सोशल’, ईमेलला ‘ईमेल’, एसएमएसला ‘एसएमएस’ द्या. गुगलच्या नियमांत न बसणारं नाव ‘अनअसाइन्ड’मध्ये जातं. क्यूआरसाठी वेगळं मीडियम हवंच असेल, तर ‘चॅनल ग्रुप’मध्ये स्वतःचा नियम जोडा.
- आंब्याच्या पेटीवर छापायचा क्यूआर छपाईला देण्याआधी दोन वेगळ्या फोनवर तपासा. छापून झालेला पत्ता बदलता येत नाही.
- आपल्याच साइटमधल्या दुव्यांना यूटीएम कधीही लावू नका. मुख्य साइटवरून दुकानाकडे नेणाऱ्या बॅनरला यूटीएम लावला, तर ग्राहकाचा खरा स्रोत जातो आणि बॅनर स्रोत बनतो.

नावांची एक साधी शीट ठेवा आणि पोस्ट टाकणाऱ्या प्रत्येकाला ती द्या. बहुतेक घोळ दोघांनी दोन नावं वापरल्याने होतात.

आपल्याच भेटी वगळा

1. ‘कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज’मध्ये ‘डिफाइन इंटर्नल ट्रॅफिक’ उघडा आणि ऑफिसचा आयपी पत्ता द्या.
2. ‘ॲडमिन’मधल्या ‘डेटा फिल्टर्स’मध्ये ‘इंटर्नल ट्रॅफिक’ फिल्टर शोधा. तो सुरुवातीला ‘टेस्टिंग’ अवस्थेत असतो.
3. काही दिवस तपासून खात्री पटल्यावरच ‘ॲक्टिव्ह’ करा.

फक्त पहिली पायरी करून थांबणारे खूप आहेत. त्यांचं काहीच वगळलं जात नाही. उलट, चुकीचा आयपी देऊन फिल्टर चालू केला, तर ग्राहकांचा डेटा कायमचा जातो. मोबाइल डेटाचा आयपी बदलत राहतो आणि एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, म्हणून तो इथे टाकू नका. चाचणी साइटसाठी सगळ्यात बरं म्हणजे तिथे खऱ्या साइटचा आयडी लावायचाच नाही.

पत्त्यात ग्राहकाची माहिती नको

फॉर्म भरल्यावर उघडणारं ‘धन्यवाद’चं पान आत्ताच तपासा. त्याच्या पत्त्यात ग्राहकाचं नाव, ईमेल किंवा मोबाइल नंबर दिसत असेल, तर तो ॲनालिटिक्सकडेही जातो आहे. व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती पाठवायला गुगलच्या अटींत मनाई आहे. नव्या वेब स्ट्रीममध्ये ईमेल पुसण्याची सोय आपोआप चालू असते. मोबाइल नंबरसाठी मात्र त्या पॅरामीटरचं नाव तुम्हालाच ‘रिडॅक्ट डेटा’त द्यावं लागतं. ही मलमपट्टी झाली. खरा उपाय म्हणजे फॉर्मची माहिती पत्त्यातून जाणारच नाही, असा बदल डेव्हलपरकडून करून घेणं.

तुमचे हक्क, ग्राहकांचे हक्क

साइट दुसऱ्याने बनवून दिली असेल, तर:

- ॲनालिटिक्सचं खातं तुमच्या मालकीच्या ईमेलवर हवं आणि तुमची भूमिका ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हवी. एजन्सीला कामापुरता ‘एडिटर’ पुरतो. हे करारातच लिहून घ्या.
- प्रॉपर्टी एजन्सीच्या खात्यात असेल, तर ती तुमच्या खात्यात हलवता येते. नव्याने सुरू करण्याची गरज नाही.
- कोणी काय बदललं हे ‘चेंज हिस्ट्री’त दिसतं. चुकून कचऱ्यात टाकलेली प्रॉपर्टी ३५ दिवसांत परत आणता येते, नंतर नाही.
- डेटा जपण्याची मुदत तपासा. ‘डेटा रिटेन्शन’मध्ये २ महिने असतील, तर १४ महिने करा, नाहीतर ‘एक्सप्लोर’मध्ये मागच्या हंगामाशी तुलना करता येणार नाही.

साइटवर येणाऱ्यांनाही हक्क आहेत. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यानुसार संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीत आणि कोंकणीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. आपल्या माहितीचा तपशील मागण्याचा, ती दुरुस्त करून किंवा खोडून घेण्याचा, तक्रार करण्याचा आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जर्मनीतल्या किंवा आयर्लंडमधल्या मराठी कुटुंबांना माल विकत असाल, तर युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआरही पाळावा लागतो. तिथे ॲनालिटिक्सची कुकी बसवण्याआधी संमती लागते.

मॅटोमो वापरत असाल तर

मॅटोमो, म्हणजे पूर्वीचं पिविक, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं आणि डेटा तुमच्याकडेच राहतो. तत्त्वं तीच, जागा वेगळ्या:

- साइटच्या सेटिंगमध्ये सगळे पत्ते एकेका ओळीत द्या. फक्त याच पत्त्यांवरच्या भेटी मोजण्याचा पर्याय तिथेच आहे. कोणी तुमचा कोड उचलून दुसरीकडे लावला, तर तो उपयोगी पडतो.
- वगळायचे पॅरामीटर, वगळायचे आयपी आणि शोधाचे पॅरामीटर त्याच पानावर आहेत. वगळलेला पॅरामीटर इथे पत्त्यातून पूर्णच काढला जातो.
- सबडोमेन आणि क्रॉस-डोमेनची जोडणी मात्र ट्रॅकिंग कोडमध्ये करावी लागते. कोड तयार करताना त्या खुणा करा आणि नवा कोड साइटवर चढवा.

बदल केल्यावर

‘रीअलटाइम’ किंवा ‘डीबगव्ह्यू’मध्ये लगेच बघा, पण निष्कर्ष काढू नका, अहवालात आकडे पूर्ण यायला २४ ते ४८ तास लागतात. एका दिवशी एकच सेटिंग बदला आणि तारीख टिपून ठेवा, नाहीतर आकडा कशामुळे हलला हे कळणार नाही. वगळल्यामुळे आणि एकत्र केल्यामुळे सुरुवातीला आकडे कमी दिसतील. त्यात नुकसान काही नाही; ते आकडे तुमच्या ग्राहकांचे नव्हतेच.

सगळं एकदम जमणार नसेल, तर या आठवड्यात चारच कामं करा: खातं स्वतःच्या नावावर आहे ना ते बघा, ‘धन्यवाद’चं पान तपासा, गेटवेचं डोमेन नको असलेल्या रेफरलच्या यादीत टाका आणि डेटा जपण्याची मुदत वाढवा. बाकीचं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल, ही चार लांबवू नका.